श्रीलंकेत जेफ्री बावाचं काम बघायचंय – काय ठेवू, काय कापू?

उंबरठा

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या मध्यात आम्ही श्रीलंकेला निघालोय. मी, नवरा, नववीतली लेक आणि सासू-सासरे. जेमतेम आठवडाभर हातात आहे. ट्रॅव्हलवाल्याने नेहमीचा आराखडा पाठवलाय: कँडी, नुवारा एलिया, चहाचा मळा, मसाल्याची बाग, मधेच रत्नांचं दुकान (ते हटकून असतंच) आणि शेवटी बेंटोटाचा समुद्र.

मी फ्लॅटच्या इंटिरियरची कामं घेते. बावा म्हणजे श्रीलंकेचा नावाजलेला आर्किटेक्ट, कॉलेजात असल्यापासून त्याच्या कामाचे फोटो जमवतेय. एवढ्या जवळ जाऊन ते न बघता परतले तर जिवाला लागेल. पण यादी काढायला बसले तर संपेना: लुनुगंगाची त्याची बाग, कोलंबोतलं त्याचं राहतं घर, पार्लमेंट, कंदलामा आणि गॉलचं लाइटहाउस ही हॉटेलं, सीमा मलका हे देऊळ. नवऱ्याचं म्हणणं, "घरं आणि हॉटेलं बघायला समुद्र ओलांडायचा?" सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, सासूबाईंना देवळं हवीत, लेकीला हत्ती.

प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी सांगा. यूट्यूबवाले सगळे बघून झालेत.

खवचट_पंत

रत्नांचं दुकान कापा. बाकी तज्ज्ञ येतीलच, तोवर मी चहा टाकतो.

मुरूम_माती

उंबरठाताई, आधी माझं सांगतो म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते ठरवता येईल. माझा धंदा बागांच्या कंत्राटांचा. आर्किटेक्ट कागदावर हिरवी पेन्सिल फिरवून मोकळे होतात. मुरूम, माती, जेसीबी, पाइप आणि पळून जाणारे माळी माझ्या गळ्यात. त्यामुळे मला इमारतीतलं कमी आणि जमिनीच्या लेव्हलमधलं जास्त कळतं.

माझं एकच सांगणं: लुनुगंगा सगळ्यात आधी, आणि निदान अर्धा दिवस. बाकीच्या यादीतलं निम्मं गळालं तरी चालेल.

का ते सांगतो. बावा मुळात वकील. जन्म १९१९, शिक्षण केंब्रिजला. वकिलीत मन रमेना म्हणून भटकला, इटलीत तळ्याकाठी घर घेऊन राहायचं मनात होतं. ते जमलं नाही आणि १९४८ मध्ये बेंटोटाजवळ देद्दुवा तळ्याकाठी एक जुना रबराचा मळा विकत घेतला. डचांच्या काळी तिथे दालचिनी व्हायची. त्या मळ्याची त्याला इटालियन बाग करायची होती. करायला गेला आणि लक्षात आलं की हौस आहे, तंत्र नाही. म्हणून लंडनला जाऊन आर्किटेक्चर शिकला. पास झाला तेव्हा वय ३८, साल १९५७. म्हणजे बाग आधी, आर्किटेक्ट नंतर. २००३ मध्ये गेला तोवर ती बाग चालूच होती. त्याच्या इमारतींमधलं जे जे तुम्हाला फोटोत आवडलंय ना, आत-बाहेरची सरमिसळ, चालता चालता अचानक उघडणारं दृश्य, ते सगळं त्याने आधी इथल्या मातीत करून बघितलंय.

आता एक जागा नीट सांगतो. घराच्या दक्षिणेला उभं राहायचं. समोर हिरवळ उतरत जाते आणि मग हलकेच चढते, ती दालचिनी टेकडी. माथ्यावर बकुळीचं झाड. (तिकडे मूनमल म्हणतात, पण आपली बकुळच.) झाडाखाली एक मोठा चिनी रांजण. त्यापलीकडे तळ्याच्या पाण्याची एक पट्टी, आणि तिच्याही पलीकडे लांबवर देवळाचा पांढरा स्तूप. सगळं एका ओळीत. आमच्या गटातला एक जण म्हणाला, "काय नशीबवान माणूस, असली जागा मिळाली!"

नशीब कसलं डोंबलाचं! त्या टेकडीचा माथा उतरवलाय. तो होता तसा राहिला असता तर घरातून तळं दिसलंच नसतं. रबराची झाडं काढून नजरेला वाट केलीय. आणि खरी गंमत पुढे आहे. घर आणि टेकडी यांच्या मधून गावाकडे जाणारा रस्ता आहे. माझ्याकडे असा प्लॉट आला असता तर मी कडेने बांबू लावा म्हणालो असतो आणि दृश्याचा खून केला असता. बावाने रस्ताच खाली खचवला. आता घरातून बघताना हिरवळ सलग टेकडीवर गेल्यासारखी दिसते. चालत गेलात की खालून सायकलवाला जाताना दिसतो, तेव्हा कळतं. मी त्या कापाच्या काठावर उभा राहून किती ब्रास माती निघाली असेल याचा हिशोब करत बसलो. बायको पुढे निघून गेली.

आणि तो रांजण. बोटाने झाकून बघा. रांजण झाकला की नजर टेकडीवर भरकटते, कुठे थांबायचं ते कळत नाही. बोट काढलं की आधी रांजणावर टेकते आणि तिथून सुटते ती थेट स्तूपावर. स्तूप बावाचा नाही, जमीन त्याची नाही, तळंही नाही. तरी ते सगळं त्याच्या बागेत आलंय. कुंपणाबाहेरचं फुकटात वापरायचं तर आपण कुठे उभे आहोत ते आधी नक्की करावं लागतं. हे आमच्या धंद्यात कोणी शिकवत नाही, कारण त्याचं बिल लावता येत नाही.

घराजवळचा पांढरा चाफाही बघा. फांद्या अशा आडव्या पसरल्यात की वाटतं जातच वेगळी असेल. फांद्यांना वजनं बांधून वर्षानुवर्षं त्या खाली ओढल्यात. आपण रोप लावतो आणि पुढच्या महिन्यात क्लायंट विचारतो, "भरलं का नाही अजून?"

सासऱ्यांचं सांगायचं तर वाटा चढउताराच्या आहेत, पण जागोजागी बसायला आहे. गाइडबरोबर ठरलेल्या वेळी फिरवतात, आधी बुकिंग करा. आणि फेरी संपली की लगेच गाडीत बसू नका.

टी_स्क्वेअर

मुरूमकाका, सुरेख लिहिलंय. पण थोडं पाणी ओततो, रागावू नका. मी आर्किटेक्चर कॉलेजात शिकवतो आणि बावाच्या भक्तिसंप्रदायाला जरा वैतागलोय.

त्या बागेत ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या आहेत. प्रत्येकीचा नाद वेगळा. साहेब आज कुठल्या कोपऱ्यात बसलेत आणि चहा कुठे न्यायचा, ते नोकरांना नादावरून कळावं म्हणून. हे गाइड कौतुकाने सांगतो आणि सगळे हसतात. एका माणसाच्या नजरेसाठी अर्धशतक माती इकडची तिकडे करणारी माणसं किती, त्यांचं नाव कुठे, हे कोणी विचारत नाही. आणि आपल्याकडे त्यातून उचललं काय जातं? काळी फरशी, एक चाफा, एक रांजण. झाला बावा. मुळशीच्या प्रत्येक दुसऱ्या फार्महाउसवर तो रांजण उभा असतो, समोर बघायला मात्र शेजाऱ्याची पाण्याची टाकी.

उंबरठा, तुमचं काम फ्लॅटमधलं, म्हणून सुचवतो: लुनुगंगाच्या आवारातच एना डी सिल्वा यांचं घर आहे, ते चुकवू नका. एना बाटिकच्या मोठ्या कलावंत. १९६० च्या सुमारास बावाने त्यांना कोलंबोत घर करून दिलं. शहरातला आटोपशीर प्लॉट, आयातीवर बंधनं, त्यामुळे काचेला आणि पोलादाला जवळजवळ रजा. त्याने घराची तोंडं आत वळवली. मधे मोठं अंगण, भोवती खोल्या, रस्त्याकडे भिंत. तेव्हा तिकडचे पैसेवाले प्लॉटच्या मधोमध बंगला आणि भोवती चिंचोळी बाग असं बांधत होते, आपल्याकडे अजून बांधतात तसं. त्या मधल्या चौकानं अख्खं गणित फिरवलं. टेकड्या कापायला सगळ्यांना जमणार नाही, पण हे कुणालाही जमण्यासारखं आहे.

मुरूम_माती

टी_स्क्वेअर सर, रागवायचं काय त्यात. घंटांचं बरोबर आहे. माझ्याही साइटवर नावाची पाटी आर्किटेक्टची लागते, माती वाहणाऱ्याची नाही.

पण एनाबाईंच्या घराचं अर्धंच सांगितलंत! ते कोलंबोतून उचलून इथे आणलंय. जागा विकली गेली, घर पडणार हे नक्की झालं, तेव्हा दगड, दारं, खांब, कौलं, सगळ्यावर नंबर टाकून सुटं केलं आणि लुनुगंगाच्या आवारात पुन्हा उभं केलं. आता तिथे राहायच्या खोल्या आहेत. अंगणातले गोटेसुद्धा मोजून आणलेत म्हणतात. एवढा उपद्व्याप करणारे लोक असतील तर बाकी भक्तिसंप्रदाय मला माफ आहे.

कोलंबोकर

नवऱ्याच्या नोकरीमुळे कोलंबोत राहते, त्यामुळे शहरापुरतं सांगते.

पार्लमेंट: लांबूनच. सुरक्षेमुळे असंच उठून आत जाता येत नाही. पण कोट्टेच्या रस्त्यावरून जाताना गाडी हळू घ्यायला सांगा. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी बावाला काम दिलं आणि १९८२ मध्ये तिथे अधिवेशन भरलं. दलदल उपसून तळं केलं आणि मधल्या बेटावर तांब्याच्या छपरांचे मंडप उभे केले. कोणी घुमट मारला असता, याने उतरती छपरं दिली. संध्याकाळी चारनंतर बघा, त्या वेळी छपरं पाण्यात नीट उतरतात.

सीमा मलका: सासूबाईंसाठी हेच. बेरा तळ्यात, गंगारामय देवळाचं. आधीचं बांधकाम पाण्यात खचत गेलं म्हणून सत्तरच्या दशकात बावाकडून नवं करून घेतलं. खर्च एका मुस्लिम दांपत्याने मुलाच्या स्मरणार्थ केला. पाण्यावर लाकडी मंडप, बारीक खांब, निळी कौलं. आत एरवी शांत असतं, आजूबाजूला मात्र आता टोलेजंग टॉवर आलेत, त्याला इलाज नाही. तळ्याला कधी कधी वास येतो, तोही धरून चाला.

नंबर ११: त्याचं कोलंबोतलं घर. एका गल्लीतल्या ओळीने असलेल्या चार छोट्या बंगल्यांपैकी एक १९५८ मध्ये मिळवला आणि पुढे एकेक करत चारही. मग सगळ्यांना आतून जोडलं. पांढरी लांब बोळ, मधेच वरून उजेडाची विहीर, मधेच पाण्याचा चौक, तामिळनाडूतल्या चेट्टिनाडहून आणलेले खांब. दारात त्याची जुनी रोल्स रॉइस. आधी बुकिंग लागतं, गट छोटा असतो. लेक कंटाळली तर जवळच त्याचं जुनं ऑफिस आहे, आल्फ्रेड हाउस रोडवर. तिथे आता कॅफे आहे, केक चांगला मिळतो.

लाइटहाउस कापा. एका जिन्यासाठी गॉलपर्यंत धावायचं नाही. जिना जबरदस्त आहे, पोर्तुगीज आणि सिंहली सैन्याची लढाई गोल कठड्यावर वर चढत जाते. लकी सेनानायके यांचं काम. पण तुमच्याकडे आठवडाच आहे.

ब्रीफ गार्डन मात्र बघाच. बावाचा थोरला भाऊ बेव्हिस, दहा वर्षांनी मोठा, त्याने ही बाग १९२९ पासून सुरू केली. लुनुगंगापासून फार लांब नाही. तिथे मोकळं काही नाही, सगळं दाट, ओलं, वळणावळणाचं. भावाभावांत किती फरक असतो ते एका दिवसात दिसतं. काही पुतळे जरा मोकळेढाकळे आहेत, तिथे सासूबाईंना फुलं दाखवा.

खवचट_पंत

कोलंबोकर, त्या पुतळ्यांचे अक्षांश-रेखांश मिळतील का? सासऱ्यांसाठी विचारतोय.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. लाइटहाउस कापलं. रत्नंही.

मुरूमकाका, दोन शंका. एक, कंदलामा खरंच एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का? तिथे मुक्काम परवडणार नाही. दोन, थोडी धंद्याची. दापोलीला एका क्लायंटचं घर चाललंय. त्यांना नळीच्या कौलांचं छप्पर हवंय, पण गावातले सगळे घाबरवतात, माकडं नाचतात, कौल सरकतं, गळतं. बावाच्या जुन्या घरांवर तीच अर्धगोल कौलं दिसतात आणि पाऊस तिकडेही आपल्यासारखाच. मग?

मुरूम_माती

आधी कौलं, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

बावाच्या छपरात युक्ती आहे. खाली वाशांवर पन्हळी सिमेंटचे पत्रे आणि त्यांच्यावर नळीची कौलं. खालून बघितलंत तर पत्रा, रंगवलेला. वरून बघितलंत तर जुनं कौलारू घर. पाणी अडवतो पत्रा, ऊन अडवतं कौल, आणि दोघांमधली हवा घर गार ठेवते. माकडानं चार कौलं सरकवली तरी आत थेंब येत नाही, सावकाश नीट करा. शिवाय नुसत्या कौलांना जेवढा उतार लागतो तेवढा लागत नाही, त्यामुळे छप्पर खाली, ऐसपैस आणि व्हरांड्यावर पुढे आलेलं ठेवता येतं. त्या घरांमधली सावली येते ती तिथून. त्या काळचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असायचे, तुम्ही बिनॲस्बेस्टॉसचे घ्या. वजनाचा हिशोब स्ट्रक्चरलवाल्याकडून करून घ्या, ओली कौलं भलतीच जड होतात. आणि गवंडी म्हणेल, स्लॅब टाकून वर कौलं चिकटवू. त्याला नको म्हणा. स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्रभर छळतो.

आता कंदलामा. जा. मुक्काम नको, दुपारचं जेवण घ्या, आधी फोन करून विचारा. खरं कारण वेगळंच आहे: तिथे गेलात की सिगिरिया शेजारीच, आणि मला विचाराल तर सिगिरियाची बाग बघितल्याशिवाय बावा अर्धाच कळतो.

हॉटेलसाठी आधी जागा दिली होती सिगिरियाच्या पायथ्याजवळ. बावा नको म्हणाला. हेलिकॉप्टरमधून फिरून त्याने लांबची, कंदलामाच्या प्राचीन तलावाकाठची कड निवडली. तिथून सिगिरिया क्षितिजावर दिसतो, तलावाच्या पलीकडे, बोटाएवढा. लुनुगंगाच्या स्तूपाचीच युक्ती, फक्त माप वाढवलं. तेव्हा विरोधही बराच झाला, सांडपाणी तलावात जाईल म्हणून, आणि तो विरोध रास्त होता. त्यामुळेच सांडपाण्याच्या शुद्धीकरणाकडे कसून लक्ष दिलं गेलं.

इमारत जवळजवळ एक किलोमीटर लांब, कड्याला बिलगून वळत गेलेली, खांबांवर उचललेली. आयुष्यभर कौलारू छपरं केलेल्या माणसाने इथे छप्पर सपाट ठेवलं आणि वर झाडोरा सोडला. समोरून वेली एवढ्या लोंबतात की तलावापलीकडून हॉटेल शोधावं लागतं. आत शिरताना गुहेसारखी वाट आहे, खरा खडक तसाच आत घेतलाय, हात लावला की गार लागतो. खडकाच्या कडेकडेने वळायचं, अजून काही दिसत नाही, अजून काही दिसत नाही, आणि मग एकदम तलाव. तुमच्या लेकीला तिथे माकडं भरपूर भेटतील. जेवणाच्या ताटावर लक्ष ठेवा.

सिगिरियाला सासऱ्यांना वर चढवू नका. हजाराच्या वर पायऱ्या आहेत आणि मधे गांधीलमाश्यांच्या पाट्याही. पण खालची जलउद्यानं सपाट जमिनीवर आहेत आणि लोक त्यांच्यातून धावत जातात, पायऱ्यांची रांग गाठायला. तिथे थांबा. पाचव्या शतकातला राजा कश्यप. आखीव हौद, चर, मधोमध वाट, डावीकडे जे तेच उजवीकडे. पुढे जमीन चढते तशी शिस्त सुटत जाते, प्रचंड धोंड्यांच्या मधून वाटा, मग पायऱ्यापायऱ्यांचे मजले आणि मग उभा कातळ. कारंजी शोधा: गोल दगडी चकत्या, भोकं पाडलेल्या. पंप नाही, काही नाही. वरच्या पातळीवरचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळांमधून आणलंय आणि पुरेसा पाऊस झाला की ती आजही उडतात. त्या भागातला पाऊस ईशान्येचा, डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतो, म्हणजे तुमच्या वेळी नशीब असेल तर दिसतील. दीड हजार वर्षांनी लेव्हल चुकलेली नाही. माझ्या कारंज्यांची दोन पावसाळ्यांत चुकते.

हत्तींचं: मिन्नेरियाच्या जंगलात त्यांचा मोठा मेळा ऑगस्ट-सप्टेंबरात असतो. जानेवारीत जीपवाले हुरुलूच्या जंगलाकडे नेतात, सिगिरियाहून सोपं पडतं. सासूबाईंना दंबुल्लाची लेणी, तिथे चढ आहे पण हळूहळू होतो.

टी_स्क्वेअर

काका, पत्र्यावरच्या कौलांबद्दल एक पुरवणी. कडेला, वळचणीपाशी, पत्र्याचं टोक उघडं दिसतं आणि तिथेच सगळी कामं फसतात. शेवटची कौलं पत्र्याच्या जरा पुढे काढा आणि खाली लाकडी पट्टी. उंबरठा, हे ड्रॉइंगवर मोठं करून दाखवा, गवंड्याच्या भरवशावर सोडू नका.

आणि सिगिरियाच्या जलउद्यानांबद्दल पूर्ण सहमत. विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा वरची भित्तिचित्रं बघायला सगळे पळतात, खालचा आराखडा काढायला कोणी बसत नाही.

उंबरठा

ठरलं मग. नुवारा एलिया कापतेय, चहा घरीच पिऊ. विमानतळावरून थेट दंबुल्ला, तिथे साध्या गेस्ट हाउसमध्ये मुक्काम, सिगिरिया-कंदलामा-हुरुलू. मग खाली बेंटोटा: एक सकाळ लुनुगंगा, दुपारी ब्रीफ, आणि नवऱ्याला समुद्र. शेवटी कोलंबो. ट्रॅव्हलवाल्याला कळवलं तर म्हणतो, "मॅडम, मसाल्याची बाग फ्री आहे हो." त्याला म्हटलं, तू जा.

लुनुगंगाला बुकिंगचा मेल टाकलाय. मुरूमकाका, पत्रा-कौलांच्या जोडणीचा जवळून काढलेला फोटो असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? दापोलीचा गवंडी सोमवारी येतोय.

कोलंबोकर

बेंटोटाहून कोलंबोला येताना गाडी पुढे पाठवा आणि अलुतगमाहून ट्रेनने या. रूळ समुद्राला लागून आहेत. उलट्या तोंडाची जागा मिळाली तरी चालेल, फक्त बसायचं डाव्या बाजूच्या खिडकीत, म्हणजे गाडी ज्या दिशेला जाते तिच्या डावीकडे. आणि लुनुगंगाला पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, तळ्याकाठचे डास कोणाचं आर्किटेक्चर बघत नाहीत.